एक बोट रुंद काठ

भगवंतराव पुण्याचे. स्वतःच्या पैशानं सिनेमा काढत होते. सोबत कॅमेरावाला इंद्रभान आणि आणखी दोघं. पैसे संपले की जायचे, जमले की सोनाळ्याला परत यायचे. मी त्यांचं सामान बैलगाडीनं शेतात न्यायचो आणि चंदेरी पत्रा धरून माणसांच्या तोंडावर ऊन पाडायचो.

पहिल्या खेपेला त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, कोकिळेला, छोटं काम दिलं. ती बांधावरून भाकर घेऊन येते, मी बसून खातो. तिचं येणं घेऊन झालं आणि ढग आले.

"बाकीचं पुढच्या खेपेला. यांच्या अंगावरचं हे लुगडं जपून ठेवा," भगवंतराव म्हणाले.

आषाढात कोकिळा पटकीनं दोन दिवसांत गेली. सवाष्ण गेली, चांगलं लुगडं काढा, असं बाया म्हणाल्या. मी तेच काढून दिलं. तिला ते आवडायचं. भगवंतरावांचं बोलणं आठवलंच नाही.

ते दिवाळीनंतर आले. मी घडलं ते सांगितलं.

"लुगडं नाही तर पुढचं जुळणार नाही. दुसरी बाई घेऊन पहिल्यापासून करावं लागेल."

"मंग कोकिळेचं?"

"काढून टाकावं लागेल."

घरात तिचा एकही फोटो नव्हता.

मी खामगावला गेलो. दुकानांमागून दुकानं पालथी घातली. सिनेमा काळा-पांढरा, रंगाचं अडत नव्हतं. काठ जुळायला हवा होता. मिळाला, पण एक बोट रुंद.

"एक बोट आत दुमडू. बाई पाठमोरीच बसेल," इंद्रभान म्हणाला.

अंगानं कोकिळेसारखी एकच, तिची धाकटी बहीण तानुबाई.

"भाऊजी, मले तिच्या जागी बसवता? लोक काय म्हनतीन?"

"पाठच दिसन तुही."

लोक म्हणालेच. बांधावरून शेजारच्या शेतातला निवृत्ती ओरडला, "काऊन बे, साळीसंग पंगत मांडली का? अक्षता आनू?"

तानुबाई उठायला लागली.

"बस माय," मी म्हणालो. "नाई तर तिले काढून टाकतीन."

ती बसली.

"आवाज घेत नाही," भगवंतराव म्हणाले. "काहीही बोला. फक्त हसत राहा. समोर बायको आहे."

कॅमेरा सुरू झाला. मी भाकर मोडली आणि हसलो.

"तुहं लुगडं म्याच जाळलं," मी म्हणालो. "जपून ठेव म्हनले होते. ध्यानातच नाई राह्यलं."

तानुबाईचे खांदे हलले.

"कट. परत घ्या."

दुसऱ्यांदाही हलले. तिसऱ्यांदा मी कपाशीचं बोललो, बैलाच्या खुराचं बोललो. तरी हलले. चौथ्यांदा तिनं पदराचा बोळा करून दातांत धरला. मी हसत राहिलो, घास घेत राहिलो.

"झालं," भगवंतराव म्हणाले.

"राहीन ना ती?"

"राहील."

इंद्रभाननं कॅमेऱ्यावर फडकं टाकलं. तानुबाई तशीच बसून होती, बोळा दातांत. मी गाडी जुंपायला गेलो.