गल्लीतले कूलर

चांगुणाबाईनं जन्मात कुणाच्या दारात जाऊन काही मागितलं नव्हतं. विरजणाला दही लागलं तरी ती सुनेला पाठवायची, आणि सून रिकाम्या हातानं आली तर त्या घराच्या सात पिढ्यांचा उद्धार आपल्या ओट्यावरून करायची. तीच बाई त्या वैशाखात भर दुपारी डोक्यावर ओला पदर घेऊन गल्लीतलं दार न् दार ठोठावत निघाली.

कारण घरात किशनराव मशीनवर होते. उभा जन्म जिनिंगमध्ये गेला, कापसाची धूळ छातीत बसली. आता नाकात ऑक्सिजनची नळी असल्याशिवाय नवऱ्याला श्वास पुरत नव्हता. मशीन चालायची करंटवर. आणि उन्हं तापली की घरोघरचे कूलर एकदम सुरू व्हायचे, गल्लीला वीज देणारी जुनी डीपी गरम व्हायची आणि फाडकन् आवाज करून बसायची, की करंट गुल. मग घरातली बॅटरी पुरून पुरून किती पुरणार?

स्वतःच्या घरात तिनं मशीन सोडून सगळं बंद केलं होतं. कूलर, फ्रीज, पंखासुद्धा. स्लॅबवर चुना मारला, खिडक्यांना पोत्याचे पडदे बांधून त्यांच्यावर पाणी शिंपडलं.

"उन्हं कलेपर्यंत कूलर बंद ठेवा," ती सांगत फिरली. "तुमचा घाम वाळंल. माझ्या माणसाचा श्वास जायलाय."

तानुबाईच्या दारात मात्र पाय अडखळला. नालीच्या पाण्यावरून दोघींचं बोलणं तुटलेलं, ते चांगुणाबाईच्या लेकाच्या, नागेशच्या लग्नातसुद्धा जुळलं नव्हतं. तानुबाईनं दार अर्धंच उघडलं.

"वाट चुकलीस का, चांगुणे?"

"चुकले न्हाई. कूलर बंद कर म्हणायला आले."

"हुकूम हाय का?"

जिभेवर आलेलं उत्तर चांगुणाबाईनं गिळलं. "न्हाई. पदर पसरायले."

तानुबाईनं दार लावून घेतलं. जरा वेळानं तिचा कूलर थांबला.

डीपी टिकली. रोज दुपारी गल्ली मुकी व्हायची. लेकरं लिंबाखाली लोळायची, म्हातारे ओला पंचा अंगावर घेऊन पडायचे. किशनरावांना ते सोसवत नव्हतं.

"आगं, माझ्यापायी सारी गल्ली भाजायली."

"भाजू द्या. वांगी हायत का ती?"

ते हसले, आणि हसता हसता लागलेली खोकल्याची उबळ किती तरी वेळ थांबली नाही.

तरी एका दुपारी डीपी बसलीच. पलीकडच्या वस्तीनं तारांवर आकडे टाकले, की ऊनच तसं होतं, कोण जाणे. नागेश गाडी काढून वायरमनला शोधायला गेला. मशीन बॅटरीवर आली. किशनरावांचं अंग घामानं निथळत होतं.

"आत्याबाई, मामांना लय उकडायलंय," सून धम्मशीला म्हणाली. "घडीभर पंखा लावू का बॅटरीवर?"

"बटनाला हात लावू नको! बॅटरी उतरल्यावर मशीन कशावर चालवू, तुझ्या तोंडावर?"

किशनरावांनी बोट वर केलं, पंख्याकडं. "चांगुणे... वारा."

"श्वास पायजे का वारा?"

त्यांनी डोळे मिटले. "वारा."

तिनं खुंटीवरचा विंझणा काढला आणि वारा घालायला लागली. उजवा हात भरून आला तसा डाव्यात घेतला, पण बटन काही दाबू दिलं नाही. मध्येच कुणी तरी विंझणा तिच्या हातातून काढून घेतला. तानुबाई होती. ती उशाशी बसून वारा घालायला लागली.

उन्हं कलली तेव्हा बॅटरीत अजून दम होता. मशीन नळीतून हवा सोडत होती. किशनरावांची छाती हलत नव्हती. तानुबाईचा हात थांबला.

"घाल ना," चांगुणाबाई म्हणाली. "थांबलीस कशाला?"

तानुबाईनं पुन्हा वारा घातला.

दिवेलागणीला करंट आला. घराघरांत बल्ब लागले, पण गल्लीत एकही कूलर सुरू झाला नाही. चांगुणाबाई उठून ओट्यावर आली, तशा दारात जमलेल्या बाया बाजूला सरल्या.

"लावा की गं कूलर!" ती ओरडली, आणि तिचा आवाज फाटला. "लेकरं उकडायलीत. आता कुणासाठी जपायलेत करंट? मला कुणाचे उपकार नकोत!"

कुणी हललं नाही. मग तानुबाईच तिच्या मागून बाहेर आली. "जा गं बायांनो," ती हळूच म्हणाली. "ती म्हणायली ना, लावा."

बाया गेल्या. एकेका घरातून कूलर घरघरायला लागले. त्या आवाजात चांगुणाबाईचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही.