पॅनलवरचं शीड

आमच्या होडीवर बाईनं पाय ठेवायचा नाही. का, ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. सासूला विचारलं तर ती म्हणाली, "नसतो ठेवायचा." संपलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी काठावर उभी आहे. होडी जाताना बघायची, येताना बघायची. मासळीची पाटी माझ्या डोक्यावर चालते, जाळ्याची भोकं माझ्या बोटांनी बुजवलेली चालतात, मासळी विकून मी आणलेल्या पैशातून होडीला तेल पाजलेलं चालतं. फक्त माझा पाय चालत नाही.

माझ्या नवऱ्याला सगळं गाव भाऊ म्हणतं, मीही इथे तेच म्हणते. शिडाची होडी गावात आता यांचीच उरली. बाकीच्यांनी मशिनी बसवल्या, नाहीतर जमिनी गोदामांना देऊन खाडीकडे पाठ केली. आमचीही जमीन शेजारच्या वळ गावात गोदामाखाली गेली. आमचा मुलगा प्रितेश तिथेच ट्रान्सपोर्टचं बघतो. पोटाची काळजी नाही, पण भाऊंना खाडीत गेल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. जाऊ देत, मी कधी आडवी आले नाही. माझी भीती एकच. ओहोटीला जाळं टाकायला गेलेला माणूस भरतीबरोबर परततो तेव्हा अंधार झालेला असतो, आणि त्या वेळी चोरीच्या रेतीचे बार्ज दिवे मालवून सुसाट सुटलेले असतात. त्यांना भाऊ दिसले पाहिजेत. म्हणून डोलकाठीवर दिवा, आणि दिव्यासाठी ट्रकची जुनी बॅटरी.

ती बॅटरी भाऊ रोज खांद्यावर टाकून घरी आणायचे आणि मी पडवीत चार्जिंगला लावायची. मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं ओझं उचलणं बंद केलं. प्रितेश म्हणाला, "आता सगळी सिस्टीम नवी करू." मला आनंदच झाला. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल म्हातारी नव्याला नाक मुरडते.

कामतघरहून मिस्त्री आला. लूमच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, होडी त्यानं जवळून पहिल्यांदाच पाहिली असावी. चपला घालून होडीभर नाचला. त्याचे पाय चालतात. त्यानं लिथियमची हलकी बॅटरी बसवली. मागच्या अंगाला, फळ्यांवर सोलर पॅनल ठोकलं. डोलकाठीवर पांढराशुभ्र दिवा लावला. जुन्या लाकडातून झिरपलेलं पाणी आपोआप बाहेर फेकणारा पंप तळात टाकला. मग होडीतूनच मला ओरडून म्हणाला, "चाची, अब दस साल भूल जाओ!"

आता ऐका. खाडीतून आल्यावर ओलं शीड वाळत घालावं लागतं, नाहीतर कुजतं. भाऊंचे वडील ते मागच्या अंगाला पसरायचे, भाऊही तिथेच पसरतात. त्यात विचार करण्यासारखं काही नाही, हातच तिकडे जातात. आणि पॅनल नेमकं तिथे. दुसऱ्या दिवशी मी काठावर जाळं शिवत बसले होते. बघते तर भर उन्हात शीड पॅनलवर पांघरलेलं, आजाऱ्याच्या अंगावर गोधडी टाकावी तसं.

संध्याकाळी मी प्रितेशला म्हटलं, "अरे, त्या पॅनलवर शीड पडलंय. ऊन न्हाय तर ते भरनार कसं?"

"आई, बॅटरी फुल भरूनच बसवलीय," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "तू कधी होडीवर चढलीस का? तुला काठावरनं काय दिसतंय?"

यावर भाऊ हसले. मुलाचं बोलणं मी गिळलं असतं, पण ते हसणं घशाखाली उतरेना. अहो, काठावर मला ठेवलं कुणी?

भाऊंनाही एकटं गाठून सांगून पाहिलं. ते म्हणाले, "दिवा बघतेस ना? कसा लख्ख हाय." तेही खरंच होतं. जुनी बॅटरी उतरायला लागली की दिवा पिवळा पडायचा, मग भाऊ मुकाट्यानं घराकडे वळायचे. ही नवी बया रोज तितकाच पांढरा उजेड द्यायची. ती शेवटपर्यंत चेहरा बदलत नाही आणि मग एकदम डोळे मिटते, हे मिस्त्रीनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. शिवाय तो पंप रात्रंदिवस तिचं रक्त पीत होताच.

महिनाभर हेच सांगून थकले आणि एका दुपारी मला राहवलं नाही. भाऊ जेवून आडवे झाले होते, प्रितेश गोदामावर होता. साडी खोचली, गुडघाभर चिखलातून गेले आणि होडीवर चढले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण काही झालं नाही. होडी जराशी हलली, इतकंच. शीड ओढून पुढच्या बाजूला पसरलं आणि उतरले. वर बघते तर भाऊंचे चुलतभाऊ सावळाराम काठाजवळच्या आपल्या ओट्यावर उभे. घरात निघून गेले.

त्या दिवशी भाऊ चार वाजता निघाले. अंधार पडल्यावर मी काठावर गेले. वळणावरून दिवा येताना दिसला, पांढरा, स्वच्छ. एक बार्ज त्याला बघून लांबून गेला. दुसराही गेला. मी म्हटलं, आले. आणि दिवा विझला. फडफडला नाही, पिवळा पडला नाही, नुसता गेला. मागून तिसऱ्या बार्जचा आवाज येत होता. मी घसा फाटेपर्यंत ओरडले, "अहो, बाजूला व्हा, बाजूला!" इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

लाकूड घासल्याचा आवाज मात्र मला इथपर्यंत आला.

बार्ज चाटून गेला. भाऊ डोलकाठीवर आपटले, खांदा निखळला, पण एका हातानं सुकाणू धरून त्यांनी होडी काठाला आणली. तोवर माणसं जमली होती. कुणी टॉर्च आणला, प्रितेश धावत आला, पोरांनी शीड उतरवून नेहमीसारखं मागच्या अंगाला टाकलं. आणि सावळाराम सगळ्यांच्या मधे येऊन म्हणाले, "दुपारी बाई चढली व्हती होडीवर. मी माझ्या डोल्यांनी पाह्यलं."

सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. दिवा का विझला, हे एकानंही विचारलं नाही. मी भाऊंकडे बघितलं. मी कशासाठी चढले असेन हे त्यांना माहीत होतं, महिनाभर मी दुसरं काय बोलत होते? त्यांनी खांदा धरला आणि मान खाली घातली. बार्जनं मला जेवढं घाबरवलं नव्हतं तेवढं त्या खाली गेलेल्या मानेनं दुखवलं.

सकाळी मिस्त्रीला बोलावलं. भाऊ खांदा बसवून, हात गळ्यात बांधून आले. मिस्त्री होडीवर चढला आणि लगेच म्हणाला, "बैटरी तो पूरी खाली है. ये कपड़ा पैनल पे कौन डालता है?"

"रोजच असतं," प्रितेश हळूच म्हणाला.

"काल दुपारी मी काढलेलं," मी म्हटलं. "चार वाजेपर्यंत ऊन होतं त्याच्यावर."

"तो उतने से ही जला, चाची. नहीं तो बीच खाड़ी में ही बुझ जाता."

सगळ्यांनी ऐकलं. मी सावळारामांकडे बघत राहिले. माफी मागतील अशी आशा नव्हती, निदान गप्प बसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "ते इजेचं झालं. देवाचं येगलं. होडी धुवाया पायजे."

आणि धुतली हो! गोमूत्र आलं, हळद आली, नारळ आला. माझा हात लागला म्हणून शीडसुद्धा खाडीत बुचकळून काढलं. प्रितेश बादल्या भरून देत होता. भाऊंनी एका हातानं नारळ फोडला. आणि सगळं यथासांग झाल्यावर चौघांनी ते निथळणारं शीड उचललं आणि वाळत घातलं. कुठे? पॅनलवर. मिस्त्रीचे शब्द कानात ताजे असताना. मग सगळे काठावर सावलीत बसून खोबरं खायला लागले.

भाऊंनी एक तुकडा माझ्यापुढे धरला. "घे, परसाद हाय."

मी तो घेतला नाही. साडी खोचली आणि चिखलात उतरले.

"आई, काय करतेस?" प्रितेश ओरडला. सावळाराम उभे राहिले. भरती चढत होती, होडी डुलत होती, धरायला हाताशी काही मिळेना. भाऊ उठून माझ्यामागे आले. मला वाटलं ओढून काढणार. त्यांनी चांगल्या हातानं दोर धरला आणि होडी काठाकडे ओढून स्थिर केली.

"सावकाश," ते म्हणाले. "फली ओली हाय."

"काल हे बोलायला तोंड नव्हतं?"

त्यांनी दोर तेवढा आणखी घट्ट धरला. त्यानं मी विरघळले वगैरे समजू नका. मी चढले. ओलं शीड मेलं जड लागत होतं, ते दोन्ही हातांनी ओढून पुढे फेकलं. मग पॅनलजवळ कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "धुवा परत. उद्या पन धुवा. मी रोज चढनार हाय."