डावीकडून बासष्टावा टॅब

"हे ठेवायचं की बंद करायचं?" कॉम्प्युटरवालीने विचारलं.

पडद्यावर पान होतं: ऑक्टोपसला किती हृदयं असतात?

"तीन," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं. ठेवायचं का?"

"बंद करा. उत्तर मिळालंय."

आमच्या पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात नवे कॉम्प्युटर आले होते आणि जुन्यातलं सामान नव्यात हलवायला ती आली होती. माझ्या ब्राउझरमध्ये एकशे चौदा टॅब उघडे होते. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसा तिने तो आकडा मोठ्याने वाचला. इतके टॅब झाले की त्यांच्यावरची नावं दिसेनाशी होतात, नुसते ठिपके उरतात. मला मात्र ते जागेवरून पाठ होते. नववा म्हणजे बंद पंपांच्या तक्रारी. तेवीस ते एकतीस, मी न घेतलेले बूट. चाळिसावा, राजीनामा कसा लिहावा. एक्केचाळिसावा, दिलेला राजीनामा मागे कसा घ्यावा. मधलं काम तेवढं राहिलं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी खुर्ची सरकवत जवळ आणली. त्या माझ्या कोणी लागत नाहीत. बत्तीस वर्षं तक्रारी लिहून घेतायत आणि अख्ख्या खात्याच्या मावशी आहेत.

"थांब गं, मला पण बघू दे," त्या म्हणाल्या. "घरी तरी काय बघायला असतं!"

"आणि हे? 'उघडे टॅब कमी कसे करावेत'?"

"ते ठेवा. वाचायचंय अजून."

"अहो, तीनदा उघडलंय."

"म्हणजे गरज केवढी आहे बघा."

मावशींना हसता हसता ठसका लागला. मीही हसलो. इथपर्यंतची लाज चारचौघांत वाटून खाण्यासारखी होती.

मग बासष्टावा आला.

श्रवणयंत्रासाठी अर्ज. पहिल्या पानावर नाव, वय, पत्ता, सगळं भरलेलं. दुसऱ्या पानावर एकच प्रश्न: अर्जदाराला कोणकोणते आवाज ऐकू येतात? खाली रिकामी चौकट.

"हे कुणाचं?"

"बाबांचं."

तिने कोपऱ्यातली अर्ज सुरू केल्याची तारीख वाचली. "अकरा महिने झाले की."

मावशी हसायच्या थांबल्या.

लिंक ताईने पाठवली होती. मी त्याच दिवशी अर्ज उघडला, पहिलं पान झरझर भरलं आणि या प्रश्नाशी अडलो. उत्तर बाबांना विचारायला हवं होतं. बाबांना काही विचारायचं म्हणजे एवढं ओरडावं लागतं, की वरच्या मजल्यावरचे उत्तर देतात. म्हटलं, रविवारी निवांत विचारू. रविवारी ताईचा फोन यायचा. "अर्जाचं काय झालं रे?" मी म्हणायचो, "चालू आहे." रोज सकाळी तो ठिपका जागेवर आहे ना एवढं बघायचं आणि बापाचं केल्याचं समाधान घेऊन कामाला लागायचं, असं माझं चाललं होतं. दरम्यान ताईची मुलगी बोलायला लागली. आजोबा म्हणायला शिकली. बाबांनी फोन कानाला लावून भरपूर कौतुकाने हसून दाखवलं. तेव्हा ती पलीकडे रडत होती.

कॉम्प्युटरवालीने पान रिफ्रेश केलं, तसं भरलेलं सगळं उडालं. कोऱ्या अर्जावर एक ओळ आली: आज अर्ज केल्यास यंत्र अंदाजे नऊ महिन्यांनी मिळेल.

मावशींनी बोटांवर मोजलं. "दोन महिने झाले असते रे, यंत्र कानात असतं," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आजाऱ्याच्या खोलीतून निघावं तशी त्यांनी खुर्ची चाकांचा आवाज न करता मागे नेली.

"ठेवायचं?" कॉम्प्युटरवालीने हळूच विचारलं.

"सगळेच बंद करा," मी म्हणालो. "या अर्जाची तेवढी दोन पानं छापून द्या."

बाबा पंप दुरुस्त करायचे. चालत्या पंपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. घरी गेल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि प्रश्नावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचला. उठले, खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि घरभर फिरले.

फ्रिजला टेकवला. "हा येतो. घासतोय जरा, दाखवून घे." नळाला टेकवला. "पाणी चाललंय." भिंतीला. "वरच्यांचं भांडण. लिही."

मी लिहीत गेलो. शेवटी ते माझ्यासमोर बसले, टोक टेबलावर माझ्या हाताजवळ टेकवलं, मूठ कानामागे धरली.

"हं, बोल."

अकरा महिने मी ओरडायची तयारी करत होतो. टेबलावर वाकून साध्या आवाजात म्हणालो, "बाबा, मी अर्ज केलाच नव्हता. ताईला फसवत होतो."

ते डोळे मिटून ऐकत होते. गेलेलं बेअरिंग शोधताना मिटायचे तसे.

"आवाज येतोय," ते म्हणाले. "शब्द नाही कळत." डोळे उघडून माझा चेहरा पाहिला आणि घाईने म्हणाले, "पण आवाज छान येतो हां. तसं लिही."

मी लिहिलं: मुलाचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मग कागद उलटा केला, मघाचं वाक्य मोठ्या अक्षरांत पाठीमागे लिहिलं आणि त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी वरच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजाची वाट बघत बसलो. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, कोरं पहिलं पान स्वतःकडे ओढलं आणि अर्जदाराच्या नावापुढे सावकाश, एकेक अक्षर, आपलं नाव लिहायला लागले.