दादाची उरलेली भांडणं

त्या बंदरात माणूस गेला की त्याचं घर बायकोकडे जायचं, होडी असलीच तर मुलाबाळांकडे, आणि बारमधली अर्धवट भांडणं पाठच्या भावाकडे. हा कायदा कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळायचे सगळे, कारण न पाळण्यात अडचण फार होती. भांडण मिटेपर्यंत गेलेल्या गिऱ्हाइकाचा ग्लास टेबलावर सुलटा राहायचा आणि त्याच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. वारसाने यायचं, गेलेल्याची बाजू मांडायची, भांडण या नाहीतर त्या टोकाला न्यायचं, की मालक ग्लास पालथा घालायला मोकळा.

धाकटा शिंपी होता आणि दारूच्या थेंबालाही कधी शिवला नव्हता. थोरला धक्क्यावर क्रेन चालवायचा, त्याने दोघांच्या वाटची पिऊन घेतली होती. आता दादा गेला आणि तीन बारमध्ये तीन ग्लास सुलटे उभे राहिले. तिन्ही बारवाले रोज सकाळी वहिनीच्या दारात यायला लागले.

"भावोजी," वहिनी उंबऱ्यातच शिंप्याला अडवून म्हणाली, "भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय मला. आधी त्यांची भांडणं मिटवा, मग घरात पाऊल टाका."

शिंप्याला घरात जायचं होतं ते एकच गोष्ट विचारायला. दादा जाताना आपल्यावर रागावलेला होता का? कारण त्या दोघांचं स्वतःचं भांडणही तसंच राहिलं होतं. पुतणीच्या लग्नात दादाने जो कोट घातला तो शिंप्याने शिवलेला. भर पाहुण्यांत दादा म्हणाला, "उजवी बाही आखूड झालीय रे." शिंपी म्हणाला, "बाही बरोबर आहे, तुझा हात लांब आहे." शब्दाने शब्द वाढला, आणि मग दोघांचे शब्दच संपले. दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलला नाही. दादाचा राग नाकावर, याचा नाकाच्या शेंड्यावर, म्हणजे तसा फरक काहीच नव्हता.

रविवारी दुपारी शिंपी निघाला. गळ्यातली टेप काढायची राहिली, पण ती त्याच्या गळ्यात इतकी मुरली होती की तिच्याशिवाय त्याला कुणी ओळखलंही नसतं.

पहिला बार बर्फाच्या कारखान्याच्या तळघरात होता. भिंतींना घाम सुटलेला, आणि गिऱ्हाइकं स्वेटर घालून थंड बिअर पीत बसलेली. मालकाने सुलट्या ग्लासाकडे बोट दाखवलं.

"तुमच्या दादाचं म्हणणं असं, की कारखान्याच्या छपरावर जो समुद्रपक्षी बसतो, त्याला पाय दोन आहेत. एक तो वर ओढून धरतो. आणि हे कारखान्याचे मिस्त्री म्हणतात, पाय एकच."

"किती वर्षं चाललंय हे?"

"पक्षी दोन-तीन तरी बदलले असतील," मालक म्हणाला. "भांडण तेच आहे."

शिंप्याने साधा सोडा मागवला. ते ऐकून शेजारच्या टेबलावरच्यांनी खुर्च्या जरा लांब सरकवल्या. शिंपी मात्र शांत होता. गिऱ्हाइकाचं अंग आणि त्याने आणलेलं कापड यांचं जमत नसलं की दोघांचीही समजूत काढायची, यात त्याची हयात गेली होती.

"दुसरा पाय आहे," तो म्हणाला. "पण नुसता बेतून ठेवलाय. अजून शिवलेला नाही."

मिस्त्री विचारात पडला. "म्हणजे, आहे की नाही?"

"ट्रायलला आला की कळेल."

सगळ्या बारने माना डोलावल्या. मिस्त्रीलाही पटलं, निदान पटलं नाही असं त्याला म्हणता येईना. ग्लास पालथा पडला, आणि तो नीट टेकायच्या आत एक जाडा गृहस्थ दादाच्या खुर्चीवर ऐसपैस बसला. शिंपी खूश झाला. मिस्त्री त्याला पायऱ्यांपर्यंत सोडायला आला आणि तिथेच घुटमळला.

"तुमचं काम झालं हो," तो म्हणाला. "पण आता रोज कारखाना सुटल्यावर मी काय करू?"

"पत्ते खेळत जा," असं म्हणून शिंप्याने पाय उचलला, पण मिस्त्रीचा चेहरा काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसरा बार चढावर होता आणि आतून तिरका होता. गिऱ्हाइकं एका हाताने ग्लास धरून बसायची आणि दुसऱ्याने टेबल. तिथे दादाचं म्हणणं असं, की बारची जमीन सपाट आहे, तिरका आहे तो समुद्र. समोर होता एक म्हातारा, ज्याने उभा जन्म जहाजाचं सुकाणू धरलं होतं. त्याला हा समुद्राचा अपमान वाटायचा.

शिंप्याने खिशातून दोऱ्याचं रीळ काढून जमिनीवर ठेवलं. रीळ गडगडत दाराबाहेर गेलं आणि उतारावरून दिसेनासं झालं.

"बघा!" म्हातारा ओरडला. "जमीन उतरती आहे!"

"रीळ गेलं कुठे?"

"समुद्राकडे."

"मग ओढतंय कोण त्याला?"

म्हाताऱ्याने दारापर्यंत जाऊन समुद्राकडे पाहिलं. "म्हणजे मी आयुष्यभर जहाज चढावर चालवलं?"

"म्हणून तर पाठ दुखते तुमची."

पाठदुखीचं कारण अखेर सापडल्यामुळे म्हातारा इतका हरखला की त्याने सगळ्यांना एकेक पेला पाजला. शिंप्याने पुन्हा सोडाच घेतला. दोन भांडणं मिटली होती, रीळ तेवढं गेलं होतं.

तिसरा बार मावशीचा, फेरीबोटीच्या धक्क्याला लागूनच. आधीच्या दोन बारमध्ये दादा अधूनमधून जायचा, इथे रोज. शिंपी दारातच थबकला. दादाच्या खुर्चीच्या पाठीला तो लग्नातला कोट अडकवलेला होता. आपली टीप शिंप्याला लांबूनही ओळखू येते.

"त्या खुर्चीवर बसू नका," फेरीबोटीचा तिकीटमास्तर म्हणाला. "उभ्यानेच बोला. आमचं भांडण या कोटाच्या बाहीचं आहे. मी म्हणतो, बाही आखूड आहे. हा सगळा बार म्हणतो, आखूड आहे. आंधळ्यालासुद्धा कळेल, आखूड आहे."

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि दादा काय म्हणायचा?"

"तो म्हणायचा, बाही बरोबर आहे, माझाच हात लांब आहे."

शिंप्याला वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतोय. त्याने मावशीकडे पाहिलं. मावशी ग्लास पुसत होती.

"खरंय," ती म्हणाली. "क्रेनचा दांडा ओढून ओढून माझा उजवा हात लांब झालाय, त्याला माझा धाकटा काय करणार, असं म्हणायचे. रोज तोच कोट. कुणी बाहीकडे नुसतं पाहिलं, तरी हात टेबलावर आपटायचे. तुमच्या कात्रीला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपायचं नाही."

"मग मला का नाही बोलला तो?"

"तुम्हाला कसं सांगतील? तुमच्याशी अबोला होता ना."

शिंप्याला मटकन खाली बसावंसं वाटलं, पण जवळ रिकामी होती ती एकच खुर्ची, दादाची, म्हणून तो उभाच राहिला. म्हणजे इतकी वर्षं या भांडणात आपण एकटेच रागावलेले होतो! त्याला लाज वाटली आणि आनंदही झाला.

"हं, मांडा बाजू," तिकीटमास्तर म्हणाला.

बाजू म्हणजे काय, तर शिंप्याची स्वतःचीच. हात लांब होता, एवढंच म्हणायचं. शिलाई मशीनवर बसून मनातल्या मनात तो हे रोजच म्हणत आला होता. आज कायदाच त्याच्या बाजूने उभा होता. त्याने सवयीने गळ्यातली टेप ओढली, तसं तिकीटमास्तराने झडप घालून तिचं दुसरं टोक पकडलं.

"ते नको. एकदा मोजलं की संपलं सगळं."

"बाही मोजता येईल हो," शिंपी म्हणाला. "पण हात कुठून आणू?"

तिकीटमास्तर टेपचं टोक घट्ट धरून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर शिंप्याला तो मघाचा मिस्त्रीच दिसला. मग शिंप्याने त्याच्या मुठीतून टेप सोडवून घेतली आणि गुंडाळून खिशात टाकली.

"बाही आखूड आहे," तो म्हणाला.

"काय?"

"आखूडच आहे. दादाचा हात चारचौघांसारखाच होता."

तिकीटमास्तर इतक्या झटक्यात उठला की त्याची खुर्ची मागे पडली. "अहो, वारस ना तुम्ही त्याचे? त्याच्या बाजूने बोला!"

"नाही बोलणार."

"मग त्याच्या बाजूने बोलायचं कुणी?"

सगळे मावशीकडे बघायला लागले. असा प्रसंग त्या बंदरात पूर्वी कधी आला नव्हता. मावशीने हातातला ग्लास आतून पुसला, बाहेरून पुसला आणि निकाल दिला.

"गेलेल्याची बाजू रिकामी ठेवता येत नाही. त्याच्याशी सगळ्यात जास्त जो भांडला, त्याने ती घ्यायची."

तिकीटमास्तराने टेबलावर मूठ आपटली.

"लांबच होता! माझ्या दोस्ताचा हात लांबच होता! बोट सुटली की तो धक्क्यावरून मला हात करायचा, आणि तो मला पार मधल्या पाण्यातून दिसायचा. चारचौघांचा हात दिसतो का तेवढ्या लांबून?"

"बाही आखूड असली की दिसतो," शिंपी म्हणाला. "मनगट चमकतं."

"दिवा बदलायला त्याला कधी स्टूल लागलं नाही!" कोपऱ्यातून कुणी ओरडलं.

"पलीकडच्या टेबलावरून माझे शेंगदाणे उचलायचा तो, जागचा न हलता!"

आजवर दादाच्या विरोधात असलेला अख्खा बार बघता बघता दादाकडून भांडायला लागला. तिकीटमास्तर भांडता भांडता रडत होता. शिंपी प्रत्येकाला "आखूड, आखूड" म्हणत होता, आणि त्याच्याही डोळ्यांना धार लागली होती. तिकडे बोट धक्क्याला तशीच बांधलेली. तिकीटमास्तर गेला कुठे म्हणून उतारू शोधत आले, त्यांनी कोट उलटासुलटा करून पाहिला आणि तेही दादाला जाऊन मिळाले. मावशीने दादाचा ग्लास विसळला आणि परत सुलटा ठेवला.

दिवेलागणीला शिंपी वहिनीच्या दारात उभा राहिला. घसा पार बसला होता.

"मिटली?" वहिनीने विचारलं.

"दोन मिटली. तिसरं नाही मिटत आता." आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. वहिनी दाराला टेकून ऐकत राहिली. कोटाचा विषय आला तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला, आणि शेंगदाण्यांपाशी ती हसली.

"म्हणजे सगळा बार यांच्याच बाजूने?"

"सगळा. वर बोटीतले उतारू. मी एकटा पडलोय, वहिनी."

वहिनी दारातून बाजूला झाली. "आत या," ती म्हणाली. "एकटे कसे पडाल? बाही आखूडच होती, लग्नात मी या डोळ्यांनी पाहिलीय. पण तुमच्याबद्दल ब्र काढू द्यायचे नाहीत मला. उद्या मीही येते तिकडे. ते गेल्यापासून मला घरात भांडायला कुणी नाही हो, भावोजी."