मागचं हिरवं

"लल्ला, फोटो सुंदरच आहेत. पण यात झरा कुठाय?" नगरपालिकेतल्या तय्यबने चष्मा कपाळावर सरकवला. गावात मानाच्या बाईला लल्लाच म्हणत.

झुलेखाला प्रश्नच कळला नाही. टेबलावर, झऱ्याचं पाणी नळात घालू नये या तिच्या अर्जाशेजारी, तिच्या अकरा वर्षांतल्या सगळ्या सकाळी मांडल्या होत्या. निळी टाचणी, चतुरासारखाच पण सुईएवढा बारीक कीटक, पंख मिटून लव्हाळ्याच्या काडीवर बसलेली. डोळा इतका लख्ख की त्यातले ठिपके मोजावेत. मागे नुसता हिरवा रंग, सायीसारखा मऊ. तो हिरवा साधावा म्हणून ती सफसाफच्या झऱ्याकाठी चिखलात पालथी पडायची. मागचे दगड, लव्हाळे, पाण्याची चकाकी सगळं विरघळेपर्यंत बोट बोट सरकायची. टाचणी जिकडे बघते तिकडे जागा मोकळी सोडायची. मागे एक पान जरी ठळक दिसलं तरी तो फोटो बाद. दवाखान्यात जन्मभर दुसऱ्यांची बाळंतपणं करणाऱ्या बाईची एवढीच काय ती चैन.

"झऱ्यावरच काढलेत सगळे," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे हो. माझी दोन्ही लेकरं तुमच्या हातांवर झाली, मी तुम्हाला खोटं पाडेन का? पण समितीवाले विचारणार, हे इथलंच कशावरून? ही दुर्मीळ टाचणी आपल्या झऱ्यावर आहे असं दिसलं तर पाणी नळात घालता येत नाही, नियमच आहे तसा. पण हे काय, कुणाच्या परसातलंही असेल. झऱ्यासकट एक आणा. गुरुवारी दुपारपर्यंत."

घरी मसऊद भाकरी मोडता मोडता हसला. "अकरा वर्षं झरा पुसत बसलीस, आता शोध म्हणावं!"

नवऱ्याची नेहमीचीच थट्टा ती. पण झुलेखाने ताट बाजूला सारलं, कारण बोलणं खरं होतं.

बुधवारी दवाखान्यातून सुटी मिळाली नाही. गुरुवारी उजाडताच ती झऱ्यावर पोचली. मुदत संपायच्या आतच कंत्राटदाराने झऱ्याच्या तोंडाला निळा नळ बसवला होता. नुसती चाचणी आहे, असं तिथला राखणदार म्हणाला. खाली भेगाळायला लागलेला चिखल उरला होता.

दोन तास शोधल्यावर एक टाचणी सापडली. अंगावर ऊन आलं नव्हतं, म्हणून गारठून बसली होती. झुलेखा पालथी झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मागचं सगळं स्पष्ट येईल असा कॅमेरा लावला. नळ, खणलेला चर, सिमेंटची पोती, झऱ्याचं कोरडं तोंड, आणि या सगळ्यापुढे काडीला बिलगलेला तो निळा जीव. इतका जोरकस फोटो तिला कधी जमला नव्हता. तिला रडू फुटलं, पण श्वास रोखून तिने हात हलू दिला नाही.

बाजारातल्या दुकानातून फोटो छापून घेऊन ती बाराच्या आत पालिकेत हजर झाली. तय्यबने तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"लल्ला, यात पाणी कुठाय?"

"तुम्हीच पळवलंत ना ते!"

"तेच म्हणतोय मी. पाणी नाही म्हणजे झरा नाही, असंच लिहितील ते. आणि पाण्यावाचून टाचणी जगत नाही, हे तुम्हीच अर्जात लिहिलंय." तो मान खाली घालून बोलत होता. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर चार शब्द सुनावून तरी मोकळं होता आलं असतं.

तिने कागद गोळा करायला घेतले. तय्यब घुटमळला.

"एक मागू? तो हिरवा फोटो, पहिला. राहू द्याल? या खोलीत बघायला काहीच नाही."

झुलेखाने तो गठ्ठ्यातून वर काढला. तिने फोटो टेबलावर ठेवला. तय्यबने लगेच भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची चौकट रिकामी केली, त्यात फोटो बसवला आणि खिडकीसमोरच्या खिळ्यावर अडकवायला गेला.

"तिथं नको," ती म्हणाली. "दुपारचं ऊन येतं तिथं. रंग उडेल."

"मग कुठं लावू?"

तिने पिशवी खाली ठेवली. खोलीभर नजर फिरवली आणि दारामागच्या सावलीतल्या भिंतीवर बोट टेकवलं.