बापू हिंदीत ठीक होते

दर गुरुवारी दुपारी फोन यायचा. कोरोनात ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना धीर देणाऱ्या संस्थेतली दीदी विचारायची, "कैसे हैं अंकल?" हिंदी मुलखातल्या अधारतालचे बापू, गन कॅरेज फॅक्टरीतून रिटायर झालेले, म्हणायचे, "सब ठीक है, बेटा." तिकडे दीदी 'ठीक' लिहून मोकळी. डोंबलाचं ठीक!

दुपारी डोळा लागला की रोज तेच स्वप्न. ग्वारीघाटावर धुकं, नर्मदेत नाव, नावेत त्यांची गेलेली बायको विनता पाठमोरी. बापू हाका मारमारून थकायचे, बाई काही वळायची नाही. जिवंतपणी रुसली तर चहाच्या कपाने पाघळायची. आता चहा कुठे नेऊन द्यावा माणसानं?

आज फोन स्वप्नातच वाजला. बापूंनी डोळे मिटूनच तो कानाला लावला. धुक्यातून बाईमाणसाचा आवाज आला, "जेवले का?"

विनता गेल्यापासून असं कुणी विचारलं नव्हतं. मुलगा केतन बायकोपोरांत हिंदीच बोलायचा. 'ठीक' म्हणायला बापूंनी तोंड उघडलं, पण मराठीत ते खोटं काही केल्या निघेना.

"मी घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "केतन स्मशानातून फोन करून राहिला होता. म्हणे, 'बापू, अजून एकाला येऊ देतात, या.' मी म्हटलं, गुडघा दुखून राहिला. कुठला गुडघा! मरायची भीती वाटली मला. चाळीस वर्षं संसार केला अन् तुला एकटं जाऊ दिलं."

पलीकडून हुंदका ऐकू आला. "काका, मी प्रणोती. दीदी रजेवर आहे. तुमचं आडनाव पाहून मराठीत बोलले."

बापू जागे झाले. लाज सोडून ढसाढसा रडले. पोरगी म्हणाली, "केतनदादाला सांगितलं हे?"

फोन ठेवून बापूंनी शेजारच्या खोलीतल्या केतनला हाक मारली अन् सगळं त्याच्या तोंडावर सांगून टाकलं. आता पोरगा बोलणं टाकील, याच भीतीनं त्यांनी इतके दिवस तोंड शिवलं होतं.

केतन त्यांच्याजवळ येऊन बसला. "मालूम था, बापू," तो म्हणाला. मग अडखळत, जुळवून जुळवून मराठीत बोलला, "अग्नी देताना मी आईला सांगितलं होतं, बापू गेटजवळ उभे आहेत म्हणून."