पोलम्माच्या रक्तातलं मीठ

आंध्रातल्या टेक्कलीच्या आमच्या लॅबमध्ये सुई टोचली की माणसं भिंतीकडे बघतात. पोलम्मा सुईकडे बघत होती.

"जपून गं पोरी. चाळीस वर्षं नौपाड्याच्या मिठागरात राबलेय. रक्त खारट असेल, मशीन गंजायचं तुझं."

महिनाभर तिचं डोकं जड होतं, मळमळत होतं, आणि परवा तर ती स्वतःच्या घराची वाट चुकली होती. रक्तातलं सोडियम एकशे एकोणीस आलं. एकशे पस्तीसच्या खाली गेलं की आम्ही दचकतो. मी पुन्हा तपासलं, तेवढंच आलं.

"अंगातलं मीठ कमी झालंय," डॉक्टर म्हणाले. "वय, ऊन, घाम. मीठ-पाणी पी भरपूर."

आठ दिवसांनी एकशे चौदा झालं.

"मावशी, सांगितलेलं ऐकत नाहीस तू," डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले.

"रोज दोन तांबे ढोसतेय. सुनेला विचारा, ती खोटं बोलायची नाही, माझ्या बाजूने तर नाहीच."

मला राहवेना. "डॉक्टर, मीठ खाऊनही कमी होतंय, म्हणजे कारण दुसरंच..."

"उमा, तू रक्त काढ."

बारा वर्षं हेच ऐकतेय. माझं डोकं सणकलं, तरी मी पुढची नळी उचलली. पोलम्माने मात्र बाकावर फतकल मारली.

"बाबू, वाफ्यात मीठ धरेना, तर आम्ही वरून मीठ ओतत नाही. गाव हसेल. खेकड्याने बांधाला कुठे भोक पाडलंय, गोडं पाणी कुठून शिरतंय, ते शोधतो. माझा बांध कुठे फुटलाय ते शोधा. तोवर मी हलत नाही."

बाहेर पेशंट खोळंबले. ती हलली नाही. तिच्या कनवटीला चुट्टा, तंबाखूच्या पानाची जाड विडी, दिसत होता.

"कधीपासून ओढतेस?" मी विचारलं.

"लग्नाआधीपासून. पेटतं टोक तोंडात, नाहीतर वाऱ्याने विझतो."

"छातीचा फोटो काढू या," मी डॉक्टरांकडे बघत म्हटलं.

"खोकला नाही, दम लागत नाही. फोटो कशाला?" असं पुटपुटत, ती एकदाची उठावी म्हणून, त्यांनी चिठ्ठी लिहिली.

उजव्या फुफ्फुसात लिंबाएवढा डाग निघाला. विशाखापट्टणमला तुकडा तपासला, तेव्हा कॅन्सर ठरला. ती गाठच असं काही स्रवत होती की अंगात पाणी साठून राहायचं आणि मीठ पातळ व्हायचं. मीठ-पाण्याचे तांबे बंद झाले, पाणी मोजून मिळू लागलं.

मुलगा दवाखान्याच्या पायरीवर रडत बसला.

"रडतोस काय? भोक सापडलंय," पोलम्मा म्हणाली. "बुजवणारी माणसं गाठ."

चार महिन्यांनी ती परत माझ्या खुर्चीत बसली. केमोमुळे डोक्यावर एकही केस नव्हता, हाताची शीर सापडता सापडेना. ती सुईकडेच बघत होती.

एकशे छत्तीस.

मी पुन्हा तपासलं. तेवढंच आलं.

"डॉक्टरबाबूंना सांग," ती पदर सावरत म्हणाली, "वरून चिमूटभरही घातलं नाही."

मी आत जाऊन सांगितलं, शब्दन् शब्द.